कड्याच्या काठावरचे दहा मीटर

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर एक जण पोटावर पडून खाली डोकावतो आहे आणि त्याच वेळी दुसरा कोणी बेलपाड्याकडून चढून येऊन त्याच कड्याच्या पायथ्याला कातळाला टेकून बसला आहे, अशी कल्पना करा. दोघांच्या हातात सारखेच जीपीएस यंत्र आहे. दोघांच्या पडद्यावर उमटलेले अक्षांश-रेखांश अगदी शेवटच्या आकड्यांपुरते वेगळे असतील आणि नकाशावर त्यांची टिंबे एकमेकांना चिकटून दिसतील. प्रत्यक्षात दोघांमध्ये शेकडो मीटरचा उभा कातळ आहे, आणि खालच्याला वरच्यापर्यंत पोचायचे तर नळीच्या वाटेने दिवसाचा मोठा भाग खर्ची घालावा लागणार आहे.

सह्याद्रीत जीपीएस वापरण्यातली अडचण आणि त्यावरचा उपाय, दोन्ही या चित्रात आहेत. यंत्र जमीन आडवी मोजते. आपला डोंगर उभा आहे. सपाट मुलखात दहा मीटरच्या चुकीने काही बिघडत नाही, कारण दहा मीटर अलीकडे काय आणि पलीकडे काय, शेत तेच असते. इथे मात्र दहा मीटर अलीकडे पदरातली मळलेली वाट असते आणि दहा मीटर पलीकडे वाटच नसते. यंत्र कोणते घ्यावे, त्यात कोणता नकाशा भरावा, त्याच्यावर कुठे विसंबावे आणि कुठे त्याच्याकडे पाहणे थांबवून पायाखालची जमीन वाचावी, हे सगळे प्रश्न माझ्या मते या एका गोष्टीतून निघतात. हे पुस्तक ती गोष्ट पहिल्या पानापासून धरून चालते, म्हणून त्याला प्रस्तावना लिहिताना मला मनापासून आनंद होतो आहे.

जीपीएस ही मुळात अमेरिकी लष्कराची यंत्रणा. तिची आखणी १९७३ मध्ये सुरू झाली, पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला गेला आणि १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने चालू झाल्याचे जाहीर झाले. हातात धरता येईल असे पहिले व्यापारी यंत्र, मॅगेलन कंपनीचे नॅव्ह १०००, त्याआधीच १९८९ मध्ये बाजारात आले होते. किंमत तीन हजार डॉलरच्या घरात. पण त्या काळात नागरी वापरासाठीच्या संकेतांत अमेरिकी सरकार मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे यंत्राने दाखवलेली जागा खऱ्या जागेपासून शंभर मीटरपर्यंत सहज सरकलेली असायची. राजगडाच्या संजीवनी माचीवर उभ्या असलेल्या माणसाला असे यंत्र खुशाल दरीत उभे दाखवील. १ मे २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही मिसळ त्या मध्यरात्रीपासून बंद करत असल्याचे जाहीर केले आणि जगभरच्या हातातल्या यंत्रांची अचूकता एका रात्रीत कित्येक पटींनी सुधारली. डोंगरात जीपीएस उपयोगाचे झाले ते तेव्हापासून.

यंत्राचे काम समजून घेतल्याशिवाय त्याच्या चुका समजत नाहीत, म्हणून थोडे तेही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि प्रत्येक उपग्रह अखंड एकच गोष्ट सांगत असतो: मी या ठिकाणी आहे आणि आता इतके वाजले आहेत. हातातले यंत्र नुसते ऐकते. संकेत पोचायला किती वेळ लागला, त्यावरून ते उपग्रहापासूनचे अंतर काढते आणि चार किंवा अधिक उपग्रहांच्या अंतरांवरून आपली जागा ठरवते. संकेत प्रकाशाच्या वेगाने येतो आणि प्रकाश एका मायक्रोसेकंदात तीनशे मीटर जातो, तेव्हा घड्याळाची इतकी चूकसुद्धा परवडत नाही. सापेक्षतेच्या नियमांमुळे उपग्रहावरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. ही तफावत आधीच वजा केली नसती, तर अंतरांतली चूक रोज दहा किलोमीटरहून जास्त वाढत गेली असती. आइन्स्टाइनचे गणित आपल्या पाठपिशवीच्या पट्ट्याला अडकवून आपण कळसूबाई चढतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

एवढ्या लांबून आलेला संकेत जमिनीवर पोचतो तेव्हा अतिशय क्षीण झालेला असतो. तो कातळ भेदू शकत नाही. भीमाशंकरच्या रानातल्या दाट, ओल्या पानांखाली तो आणखी मंदावतो. आणि कड्याखाली त्याचे जे होते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. पश्चिमेकडे तोंड केलेल्या कड्याच्या पायथ्याला अर्धे आकाश कातळाने झाकलेले असते. यंत्राला फक्त कोकणाच्या बाजूचे उपग्रह दिसतात, म्हणजे सगळी मापे एकाच बाजूने घ्यावी लागतात. शिवाय काही संकेत सरळ न येता कड्यावर आपटून येतात. आपटून आलेला संकेत जास्त अंतर कापून आलेला असतो, आणि यंत्र त्या जास्तीच्या अंतरासकट हिशेब करते. नळीत किंवा घळीत, जिथे डोक्यावर आकाशाची नुसती पट्टी उरते, तिथे यंत्रावरचा माग मग वेडावाकडा होतो. आपण जागच्या जागी पाणी पीत असतो आणि पडद्यावर आपण कड्यातून आरपार फिरून आलेले असतो.

अशा वेळी पडद्यावर ‘अचूकता ५ मीटर’ असे लिहून आले तरी त्यावर भिस्त ठेवू नये. तो आकडा म्हणजे यंत्राचा स्वतःबद्दलचा अंदाज आहे. उपग्रहांची मांडणी आणि संकेतांची ताकद पाहून ते तो काढते. कोणता संकेत कातळावर आपटून आला, हे त्याला पुरते कळलेले नसते. दोन वेगवेगळ्या वारंवारतांवर ऐकणारी नवी यंत्रे, उदाहरणार्थ २०२० मध्ये आलेले गार्मिनचे जीपीएसमॅप ६५, आपटून आलेले संकेत पुष्कळ चांगले ओळखतात. कड्याखाली, नळीत, घाटवाटांत ज्यांचा वावर जास्त, त्यांनी पैसे खर्च करायचे तर या गुणावर करावेत, असे माझे मत आहे. रंगीत पडदा, कॅमेरा, हजारो गाण्यांची जागा यांवर करू नयेत.

आता बहुतेक यंत्रे अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बायदू यांचेही उपग्रह ऐकतात. अरुंद आकाशात जितके उपग्रह जास्त, तितके बरे. भारताच्या स्वतःच्या नाविक यंत्रणेबद्दल मला विशेष आस्था आहे, आणि ती नुसत्या अभिमानापोटी नाही. नाविकचे उपग्रह जगभर भटकत नाहीत. ते भारताच्या आसपासच्या आकाशातच राहतात. रेखांश ५५ आणि ८३ यांच्यावरचे उपग्रह सह्याद्रीतून पाहिले तर बरेच उंच असतात, म्हणजे कडा आड येण्याची शक्यता कमी. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. पण पुढे पहिल्या पिढीतल्या अनेक उपग्रहांची अणुघड्याळे बंद पडली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. काही फोन २०२० पासून नाविक ऐकतात. ही यंत्रणा पुरी उभी राहिली, तर तिचा सगळ्यात मोठा फायदा घाटमाथ्याखाली वावरणाऱ्यांना व्हावा. आज मात्र तिच्या भरवशावर यंत्र निवडू नये.

निवडीच्या बाबतीत पुस्तकात सविस्तर प्रकरण आहे. मी फक्त मला महत्त्वाचे वाटते ते सांगतो. सह्याद्रीत भटकंतीचा मोठा हंगाम पावसाचा. जून ते सप्टेंबर बोटे ओली, पडदा ओला, हातमोजे असले तर तेही ओले. स्पर्शावर चालणारा पडदा अशा वेळी थेंबांनाच बोट समजतो. बटणांचे यंत्र दिसायला जुनाट, पण मुसळधार पावसात एका हाताने दोर धरलेला असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चालते. पाण्यापासून बचावाचा आयपीएक्स ७ हा दर्जा असलेले यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकावे अशी अपेक्षा असते. त्याखालचा दर्जा आपल्या पावसाला पुरणारा नाही.

अँटेना दोन तऱ्हेच्या असतात. गार्मिनच्या ईट्रेक्ससारख्या छोट्या यंत्रात ती चपटी असते, म्हणून ते तळहातावर आडवे धरले की चांगले ऐकते. जीपीएसमॅप ६० आणि ६४ या मालिकांत डोक्यावर जो ठोंब दिसतो, त्यात सर्पिल अँटेना असते. ते यंत्र उभे धरावे, पिशवीच्या खांद्यावरच्या पट्ट्याला उभेच अडकवावे. यंत्र पँटच्या खिशात कोंबून संध्याकाळी ‘माग नीट आला नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी एवढे करून पाहावे. सेल बदलता येतील असे यंत्र घ्यावे. साध्या डबल ए आकाराच्या दोन सेलवर ईट्रेक्स २२एक्स सुमारे २५ तास चालते असे कंपनी सांगते. पुन्हा भरता येणारे चांगले सेल घेतले आणि एक जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत जास्तीची ठेवली, की दोन दिवसांच्या ट्रेकला चिंता राहत नाही. हिमालयात थंडीने हे सेल लवकर मान टाकतात; तिथे लिथियमचे, एकदाच वापरायचे सेल न्यावेत.

आणि उंची. उभ्या डोंगरात अक्षांश-रेखांशाइतकेच, किंबहुना जास्त, मोल उंचीच्या आकड्याला आहे. एकाच सोंडेवर आपण वरच्या पदरात आहोत की खालच्या, हे आडव्या टिंबावरून कळत नाही, उंचीवरून कळते. उपग्रहांवरून काढलेली उंची मात्र आडव्या जागेपेक्षा बरीच जास्त चुकते, कारण पायाखालचे उपग्रह पृथ्वीने झाकलेले असतात आणि वरूनच सगळा हिशेब करावा लागतो. म्हणून वायुदाबावर उंची मोजणारे यंत्र घ्यावे. ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स ही जुळी भावंडे. फरक जवळजवळ इतकाच, की ३२एक्समध्ये वायुदाबमापक आणि इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आहे. सपाट मुलखातल्या सायकलस्वाराला मी २२एक्स पुरे म्हणेन. घाटवाटा धुंडाळणाऱ्याला म्हणणार नाही.

वायुदाबमापकालाही सांभाळून घ्यावे लागते. दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की यंत्र समजते, आपण साधारण नऊ मीटर चढलो. पण दाब हवेच्या लहरीनेही बदलतो. आपल्या पट्ट्यात तर तो रोज ठरल्यासारखा झुलतो: सकाळी दहाच्या सुमाराला जास्त, दुपारी चारच्या सुमाराला कमी, फरक तीनएक हेक्टोपास्कलचा. म्हणजे सकाळी दहा वाजता लावून ठेवलेले यंत्र त्याच दगडावर दुपारी चार वाजता पंचवीस-तीस मीटर जास्त उंची दाखवील. पावसाळ्यात रात्री गुहेत मुक्काम केला आणि बाहेर कमी दाबाचा पट्टा सरकत असला, तर यंत्राच्या मते आपण झोपेतही चढत असतो. उपाय सोपा आहे: खात्रीची उंची माहीत असलेल्या प्रत्येक ठिकाणी, कळसूबाईच्या १६४६ मीटरच्या माथ्यावर, नकाशावर आकडा छापलेल्या खिंडीत, उंची पुन्हा लावून घ्यायची.

फोन वापरणाऱ्यांसाठी इथे एक खास सूचना. पृथ्वीचा आकार गणितात ज्या गुळगुळीत लंबगोलाने मांडतात, त्याच्यापेक्षा प्रत्यक्ष समुद्रसपाटी भारताजवळ खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला ती जगात सगळ्यात जास्त, सुमारे १०६ मीटर, खाली जाते. आपल्या किनाऱ्यावरही हा फरक साठ मीटरहून अधिक भरतो. हातातली यंत्रे ही दुरुस्ती करून उंची दाखवतात. फोनमधली काही ॲप ती करत नाहीत. दादरच्या चौपाटीवर उभे असताना ॲपने उंची उणे साठ-पासष्ट मीटर दाखवली, तर फोन बिघडलेला नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये ही दुरुस्ती चालू करायची राहिली आहे.

नकाशांविषयीचे प्रकरण हा या पुस्तकातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या जुन्या टोपोशीट आपल्यापैकी अनेकांनी झेरॉक्स करून, पट्टीने रेघा मारून वापरल्या. त्या नकाशांचा पाया जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेला आहे. जीपीएसचा पाया डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या आकारावर. जुन्या शीटवरून मोजलेले अक्षांश-रेखांश यंत्रात तसेच भरले, तर महाराष्ट्रात जागा शंभर मीटरच्या पुढेमागे सरकते. आणि सह्याद्रीत शंभर मीटर म्हणजे कड्याची वरची बाजू आणि खालची बाजू. नकाशाचा पाया कोणता, हे समासात पाहून यंत्रात तोच निवडायला दोन मिनिटे लागतात. २००५ च्या नकाशा धोरणानंतर निघालेल्या ओपन सिरीज नकाशांचा पाया डब्ल्यूजीएस ८४ च आहे, त्यामुळे ते थेट वापरता येतात.

इंटरनेटवरून फुकट मिळणाऱ्या समोच्चरेषांच्या नकाशांबद्दल मात्र सावध करावेसे वाटते. त्यातल्या पुष्कळांच्या रेषा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने रडारने घेतलेल्या मापांवरून काढलेल्या असतात. मोठे काम होते ते. अकरा दिवसांत पृथ्वीचा बहुतेक वस्तीचा भाग मोजला गेला. पण ती मापे दर तीस मीटरला एक अशी आहेत. जिथे दहा मीटरचा सरळ कातळटप्पा आहे, तिथे त्या दोन मापांच्या मधे नकाशाला नुसता उतार दिसतो. कडे मवाळ होतात आणि धारा बोथट होतात. यंत्राच्या पडद्यावर जी सोंड चढण्याजोगी वाटली, तिच्या मध्यावर दोराशिवाय न सुटणारा टप्पा निघतो, त्याचे एक कारण हे. टोपोशीटवर कड्याची खूण तरी माणसाने काढलेली असते. म्हणून पडद्यावर कुठलाही नकाशा असला, तरी छापील शीट पिशवीत असावी, असा माझा आग्रह आहे.

अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या पद्धती तीन, आणि त्यांची गल्लत ही बचावपथकांची जुनी डोकेदुखी. ‘अठरा, तीस, पाच’ असे फोनवर ओरडून सांगितले, तर ऐकणाऱ्याने काय समजावे? १८ अंश ३०.५ मिनिटे आणि १८.३०५ अंश यांत बावीस किलोमीटरहून जास्त अंतर आहे. संकटात सापडलेल्याने आकडे एसएमएसने पाठवावेत, अंश-मिनिटांची नावे घालून पाठवावेत, आणि सोबत उंची लिहावी. तुम्ही कड्यावर आहात की कड्याखाली, हे बचावासाठी निघालेल्या माणसाला फक्त तिसऱ्या आकड्यावरून कळते. बोलण्याइतके नेटवर्क नसले तरी एसएमएस पुष्कळदा जातो. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक रात्री-अपरात्री स्वतःचा जीव पणाला लावून दरीत उतरतात; त्यांना चुकीच्या घळीत उतरवू नये, एवढी जबाबदारी तरी आपण घ्यायला हवी.

त्याच अनुषंगाने एक इशारा. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रे, जसे गार्मिनचे इनरीच, परदेशात सर्रास मिळतात आणि तिथे स्थायिक झालेले नातलग ती प्रेमाने भेट म्हणून आणतात. भारतात अशी यंत्रे परवानगीशिवाय जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांवर यासाठी कारवाई झालेली आहे. नुसते ऐकणारे जीपीएस यंत्र वेगळे आणि बोलणारे वेगळे, हे नातलगांना आधीच कळवावे.

यंत्र वापरण्याच्या रीतीबद्दल मी एकच गोष्ट ठासून सांगेन. ‘गो टू’ हे बटण सह्याद्रीत विसरून जावे. ते आपल्यापासून ठिकाणापर्यंत सरळ रेघ ओढते, आणि आपल्या डोंगरात सरळ रेघ जवळजवळ नेहमी दरीतून जाते. यंत्राचा खरा उपयोग मागच्या वाटेसाठी आहे. पहिल्या पावलापासून माग नोंदत राहायचा, आणि जिथे चुकण्याची शक्यता आहे तिथे थांबून खूण साठवायची: पठारावरून नळीत शिरायचे तोंड, दोन ढोरवाटा फुटतात ती जागा, आडवी मारत जाताना वाट अचानक वर वळते तो कोपरा, मार्चनंतरही पाणी टिकते ते टाके. चढताना हे कोपरे डोळ्यांत भरत नाहीत, कारण समोर डोंगर असतो. उतरताना, धुके दाटलेले असताना, पठाराच्या काठावर पन्नास ठिकाणे सारखी दिसतात आणि त्यातल्या एकाच ठिकाणाहून वाट खाली जाते. त्या एका ठिकाणासाठी यंत्र जवळ बाळगायचे.

दुसऱ्याने नोंदवलेला माग वापरताना तो कोणत्या महिन्यातला आहे, हे पहिल्यांदा पाहावे. फेब्रुवारीत ओढ्याच्या कोरड्या पात्रातून कोणी आरामात चालत गेलेला असतो. जुलैत त्या पात्रात उभे राहता येत नाही. ऑक्टोबरात गवत आणि कारवी डोक्यावर गेलेली असते आणि पायवाट असूनही दिसत नाही. माग वाटाड्याबरोबर चालून नोंदला की भरकटत नोंदला, हेही त्या रेघेवर लिहिलेले नसते. जुन्या यंत्रांत साठवताना मागातले बिंदू काही शे उरत, त्यामुळे नागमोडी वळणे पुसली जाऊन रेघ कड्यावरून थेट गेलेली दिसते. खांडसहून भीमाशंकरला जाणाऱ्या दोन वाटांचे उदाहरण घ्या. शिडी घाट पडद्यावर आखूड दिसतो, गणेश घाट लांबलचक. आखूड म्हणून शिडी घाट निवडणाऱ्याला त्या रेघेवर ना शिड्या दिसतात, ना त्यांच्या आजूबाजूचा पावसाळ्यात शेवाळलेला कातळ. खांडसमधल्या कुणालाही विचारले, तर पावसात कुठल्या वाटेने जावे हे तो एका वाक्यात सांगेल.

लेखकाशी माझा एक मतभेद आहे आणि तो इथे नोंदवतो. फोनवरच्या ॲपचे प्रकरण त्यांनी शेवटी ठेवले आहे, जणू ती तडजोड आहे. मला ते पहिल्या भागात हवे होते. आज डोंगरात येणाऱ्या बहुतेकांच्या हातात फोनच असतो, आणि दोन वारंवारतांवर ऐकणारे फोन २०१८ पासून मिळतात. मोकळ्या आकाशाखाली असा फोन जुन्या हातातल्या यंत्रापेक्षा अचूक ठरू शकतो. नेटवर्क नसले तरी फोनचे जीपीएस चालते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. घरीच नकाशा उतरवून घ्यावा, वर चढताना फोन विमान-मोडवर टाकावा. नेटवर्क शोधत राहिल्यानेच तर त्याची बॅटरी संपते. फोनची उणीव पाऊस, बॅटरी आणि निसटून फुटणे यांत आहे. आणि वाट, दिवा, मदतीची हाक या तिन्ही गोष्टी एकाच बॅटरीवर सोपवणे मला मान्य नाही. गटात एक हातातले यंत्र आणि बाकीच्यांचे फोन, ही मांडणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

खुणांना नावे देताना आपल्या मनाने ‘पॉइंट ३’ किंवा ‘ब्यूटिफुल व्ह्यू’ लिहू नये. प्रत्येक खिंडीला, टेपाडाला, पाण्याच्या जागेला पायथ्याच्या वाडीत नाव आहे. ठाकर, महादेव कोळी, कातकरी, धनगर माणसे ती नावे रोज वापरतात आणि छापील नकाशांत त्यांतली फार थोडी आली आहेत. वाटाड्याला रीतसर मोबदला देऊन बरोबर न्यावे, वाटेत नावे विचारावीत, ती तशीच यंत्रात टिपावीत आणि नंतर ओपनस्ट्रीटमॅपवर चढवावीत. पुढच्या माणसाला वाडीत वाट विचारताना आणि संकटात जागा सांगताना ती नावे आकड्यांपेक्षा लवकर कामी येतात. एक पथ्य पाळावे: गिधाडांची घरटी, एकट्या दुकट्या गावाच्या पाण्याची जागा, अजून कोणाच्या नजरेत न आलेले धबधबे यांचे नेमके आकडे जाहीर करू नयेत. शनिवार-रविवारच्या गर्दीने काय होते, ते देवकुंडच्या धबधब्याने पाहिले आहे.

हे पुस्तक वाचायला घेण्याआधी, किंवा पहिली दोन प्रकरणे वाचून झाल्यावर, वाचकांनी नाणेघाट करावा असे सुचवतो. सातवाहनांच्या काळापासून वापरातली वाट आहे, कोणी चुकत नाही, म्हणून यंत्राची परीक्षा घ्यायला उत्तम. वैशाखरेच्या बाजूने निघताना उघड्यावर पाच-दहा मिनिटे यंत्र चालू ठेवून त्याला उपग्रह सापडू द्या, उंची लावून घ्या आणि चालू लागा. वर, नानाचा अंगठा म्हणतात त्या कड्याला बिलगून, शिलालेखाच्या गुहेजवळ जिथे वाट कातळातल्या अरुंद नाळेत शिरते तिथे दर काही पावलांनी पडद्याकडे पाहा. त्याच वाटेने उतरा. घरी आल्यावर चढतानाचा आणि उतरतानाचा माग एकावर एक ठेवा. खालच्या रानात दोन्ही रेघा जवळजवळ एक असतील, नाळेत त्या फाकतील. किती फाकल्या ते पट्टीने मोजा, आणि तो आकडा तिसऱ्या प्रकरणाच्या समासात लिहून ठेवा. घाटवाटांवरची पुढची सगळी चर्चा तुमच्या स्वतःच्या यंत्राच्या त्या आकड्याशी ताडून वाचता येईल.